बोअरचं पाणी आणि गीझर

नवीन घरात बोअरचं पाणी असेल तर आधी गीझरकडे लक्ष द्या. कॉइलवर क्षारांचा पांढरा थर बसला की पाणी तापायला वेळ लागतो आणि आतून फुटाणे भाजल्यासारखा आवाज येतो. आमच्या गीझरमधून दोन वर्षांनी तांब्याभर खपल्या निघाल्या! सफाईच्या वेळीच आतला मॅग्नेशियमचा रॉड बघायला सांगा. टाकी गंजू नये म्हणून तिच्याऐवजी तो झिजतो. नुसती तार उरली असेल तर बदलायचाच. थर्मोस्टॅट ५५ ते ६० अंशांवर ठेवा, क्षार कमी धरतात. आणि सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब गळतात म्हणून तिथे बूच मारू नका, हात जोडून सांगतो. वाढलेला दाब तिथूनच बाहेर पडतो. झाकण उघडण्याआधी एमसीबी (वीज तोडणारा मेन बोर्डातला खटका) खाली करा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.