गावच्या ग्रुपवर फिरणारी अफवा कोणी ठरवून पसरवतंय का, हे कसं शोधायचं?

भाऊ, तुम्ही विचारलंय की मुलं पळवणाऱ्या टोळीचा मेसेज गावच्या ग्रुपवर फिरून फिरून येतो, खोटा आहे हे कळतं, पण मागे कोण आहे ते कसं काढायचं. मी यवतमाळ जिल्ह्यातला, आमच्याकडेही हाच मेसेज येतो, फक्त तालुक्याचं नाव बदलतं, आणि नेमकं तेच पकडायचं असते. बाकी मजकूर तोच, शुद्धलेखनाच्या चुकासुद्धा त्याच! त्यातलं एखादं विचित्र वाक्य उचला, अवतरणचिन्हात टाकून गुगलवर शोधा, मग फेसबुकवर, आणि सगळ्यात जुनी पोस्ट कोणती ते पहा. पेज सापडलं तर त्याच्या माहितीतला ‘पेज ट्रान्सपरन्सी’ हा भाग उघडा, पेज कधी बनलं, आधी नाव काय होतं हे तिथं दिसतं, लय कामाची जागा आहे. दिसलं की लगेच तारखेसकट स्क्रीनशॉट घ्या, कारण गवगवा झाला की पोस्ट उडवतात.

पण नुसता मजकूर सारखा म्हणून कट आहे असं म्हणू नका, घाबरलेली माणसंही कॉपी-पेस्ट करतातच. एकमेकांशी संबंध नसलेली पाच-दहा पेजेस थोड्याच वेळात तेच टाकतात, तेव्हा संशय घ्यायचा.

व्हिडिओ असेल तर त्यातल्या स्पष्ट फ्रेमचा स्क्रीनशॉट गुगल लेन्सला (फोटोवरून शोधणारं गुगलचं साधन) द्या, मूळ व्हिडिओ कुठला ते कळू शकतं. 2018 मध्ये देशभर जो बाइकवरून पोरगं उचलल्याचा व्हिडिओ फिरला तो मुळात कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्मचा होता, पोरगं परत आणून सोडतात तो शेवटच कापलेला. त्याच वर्षी 1 जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला अशाच अफवेपायी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं जमावानं ठेचून मारली, भिक्षा मागायला आलेली बिचारी. आपल्याकडेही बहुरूपी, नाथजोगी गावोगाव फिरतात ना, म्हणून मला हे सोडून देता येत नाही.

सापडलेलं ग्रुपवर टाकताना ज्या काकांनी फॉरवर्ड केलं त्यांचं नाव घेऊ नका, ते नातवाच्या काळजीनंच पाठवतात, त्यांना वेगळा फोन करा. खोटी पोस्ट जशीच्या तशी परत टाकू नका, तिच्यावर मोठी लाल फुली मारून टाका. आणि अफवेवरून गावात कोणाला अडवून ठेवलंय असं कानावर आलं, तर शोधाशोध बाजूला ठेवून आधी 112 लावा, मग पोलीस पाटलांना.