अतिउजव्यांचा वर्ग शोधताना

तू लिहिलंस, 'बेकार कामगारांनी हिटलरला आणलं.' मीही सुरुवातीला हेच धरून बसलो होतो. आधी आकडे बघ. १९२८ मध्ये जर्मनीत नाझींना, म्हणजे हिटलरच्या पक्षाला, २.६ टक्के मतं होती, जुलै १९३२ मध्ये ३७.३. पण कारखान्यातले बेकार बरेचसे कम्युनिस्टांकडे गेले. नाझींचा खरा जोर प्रोटेस्टंट खेड्यांत आणि छोट्या शहरांतल्या दुकानदार-कारागिरांत होता. कर्जात बुडालेला शेतकरी डोळ्यांसमोर आण. त्याच्याकडे जमीन आहे, म्हणूनच ती जाण्याची भीती आहे. उद्या आपण मजुरांत जमा होऊ, ही धास्ती फार खोल असते. तिला मूर्खपणा म्हणून झटकू नकोस, कळकळीने सांगतो.

मत देणारे आणि पैसा पुरवणारे मात्र वेगळे धर. इटलीत १९२१ च्या सुमारास पो नदीच्या खोऱ्यातले जमीनदार शेतमजुरांच्या संघटना मोडायला मुसोलिनीच्या फॅसिस्ट टोळ्यांना पैसे देत होते. जर्मनीत तर नोव्हेंबर १९३२ ला नाझींची मतं ३३.१ टक्क्यांवर घसरली होती, तरी जानेवारी १९३३ मध्ये हिटलर चान्सलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, झाला. राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गच्या भोवतालच्या बड्या मंडळींनीच त्याला दार उघडून दिलं.

आजच्या पक्षांबद्दल लिहिताना मतदानालाच न गेलेले कामगारही मोज. ते हमखास सुटतात.