मोठ्या इलेक्ट्रिक पिकअपचं इतकं आकर्षण का? नागपुरात ती सोयीची ठरेल का?

आकर्षण खरं आहे. ॲक्सिलरेटर दाबताच पूर्ण टॉर्क (चाकं फिरवणारा जोर) मिळतो, शिवाय फोर्ड एफ-१५० लाइटनिंग या इलेक्ट्रिक पिकअपच्या वरच्या मॉडेलमधून ९.६ किलोवॅट वीज बाहेर घेता येते. शेतावर वेल्डिंग मशीन आरामात चालेल! पण १३१ युनिटची बॅटरी घरच्या १५ अँपिअर सॉकेटवर, म्हणजे साधारण ३.३ किलोवॅटवर, भरायला ४० तासांहून जास्त लागतात. मंजूर भार वाढवून ७.२ किलोवॅटचा चार्जर लावला तरी वीसेक तास. जड, उंच ट्रेलर ओढला की रेंज (एका चार्जमध्ये कापता येणारं अंतर) जवळपास निम्मी. समृद्धी महामार्गावर निघताना हाच हिशेब धरा. मे महिन्यात बॅटरी थंड ठेवायलाही वीज जाते, म्हणून चार्जिंग रात्रीच. सहा मीटरच्या आसपास लांबी इतवारीच्या गल्ल्यांत नकोच. काटोलहून कळमन्याला संत्री आणायची असतील तर छोटा इलेक्ट्रिक टेम्पो घ्या.