बाळ अंगावर प्यायला रुसतं तेव्हा

प्रिय बाय,

चार महिने सुरळीत पिणारं बाळ कालपासून पदराखाली घेतलं की कमान करून मागे रेलतं, किंचाळतं, आणि घरात ‘दूध आटलं, डबा आणा’ सुरू झालंय. डब्याची घाई करू नकोस. वर्षाच्या आतलं बाळ असं एका दिवसात अंगावरचं सोडत नसतं. हा रुसवा आहे. बहुतेकदा दोन ते पाच दिवसांत उतरतो, कधी आठवडाही लागतो. बाळाला तू नकोशी झालेली नाहीस, हे मनाशी धर.

आधी कारण शोध. नाक चोंदलं असेल तर पिताना श्वास कोंडतो. नाकात घालायच्या सलाइनचे दोन-दोन थेंब टाकून पाच मिनिटांनी पाज. एका कुशीवर पितं आणि दुसऱ्या कुशीवर रडतं, तर कान तपासून घे. जिभेवर किंवा गालाच्या आत पुसून न निघणारा पांढरा थर असेल तर ती बुरशी, औषध तुला आणि बाळाला दोघांनाही एकदमच लागतं. पाळी परत आली किंवा छातीत गाठ धरली तर दुधाची चव बदलते. आणि वास! नवा साबण, डिओ, केसांतला सुरंगीचा वळेसर, यांनी तुझा ओळखीचा वास झाकला जातो. चवथीला भरलेल्या घरातल्या गलक्यानेही बाळ बिथरतं.

कारण सापडो न सापडो, दूध काढणं थांबवू नकोस. बाळ जितक्या वेळा प्यायचं तितक्या वेळा, म्हणजे दर दोन-तीन तासांनी काढ, नाहीतर गाठी होतील आणि दूध खरंच कमी होईल. अंगठा वर, बोटं खाली, काळ्या भागाच्या कडेला ठेव. आधी छातीच्या दिशेने मागे दाब, मग चिमटीत दाब, सोड. बोटं कातडीवर घसरू देऊ नकोस. पहिलं मिनिटभर नुसते थेंब येतील. धीर धर, पान्हा फुटला की धारा लागतात. उकळून घेतलेल्या बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने एका वेळी ६० ते ९० मिली दे. आणखी मागितलं तर आणखी दे. बाटलीतून आयतं, भराभर येतं, त्याची सवय लागली तर रुसवा लांबतो. आपल्या उकाड्यात काढलेलं दूध बाहेर ठेवूच नकोस, फ्रिजमध्ये आतल्या बाजूला ठेव. देताना भांडं कोमट पाण्यात धर, गॅसवर तापवू नकोस. पेज, पाणी, मध यातलं काहीही आत्ता नको.

छातीशी घेताना डोकं मागून कधीच दाबू नकोस. त्याने भीती बसते, आणि सगळ्यात जास्त नुकसान याच चुकीने होतं. अंधाऱ्या खोलीत, पंख्याखाली, उघड्या अंगावर बाळाला नुसतं निजव. पाजायचं मनात आणू नकोस. अर्धवट झोपेत ते तोंडाने शोधायला लागलं की चार थेंब आधी पिळून ओठांना लाव. रडलं तर लगेच बाजूला घे, फेऱ्या मार, तासाभराने पुन्हा बघ.

या दिवसांत डायपरऐवजी कापडी लंगोट बांध, म्हणजे मोजता येईल: २४ तासांत सहा तरी ओले हवेत. सहा-आठ तास शू नाही, टाळू खोल गेली, बाळ मलूल पडलं, ताप आला किंवा वाटीनेही घेत नाही, तर त्याच वेळी डॉक्टरकडे ने. रात्र असेल तर १०८ ला फोन कर. शेजारी कुणाचं महिन्याच्या आतलं बाळ दूध घेईना झालं तर तो रुसवा समजू नये, तासभरही थांबू नये.

पहिल्यांदा परत घेईल तेव्हा दोन मिनिटं पिऊन सोडेल. तेवढंच पुरे, उरलेलं काढून वाटीने दे.