नमुन्यात चूक वाटतेय? आधी टाके मोजा

ताई, स्वेटर विणताना ओळीच्या शेवटी टाके उरतात, बाह्यांची मापंही बदलायचीत, मग सगळं उसवू का, असं तुम्ही विचारलंय. एवढ्यात उसवू नका. कागद-पेन्सिल घ्या.

तुमच्या नमुन्यात 97 टाके आहेत, गट (ओळीत पुन्हा पुन्हा येणारा भाग) 8 टाक्यांचा. 12 गट म्हणजे 96, वर काठाचा 1. जमलं. आता एक गट तपासा: वेढा (सुईवर लोकर गुंडाळून केलेला नवा टाका), 2 सुलट (साधे सरळ टाके), 3 एकत्र, 2 सुलट, वेढा, 1 सुलट. तीन एकत्र केल्याने दोन टाके घटतात, दोन वेढ्यांनी दोन वाढतात. ‘3 एकत्र’च्या जागी ‘2 एकत्र’ छापलं असेल तर गट 7 टाक्यांतच संपतो आणि ओळीच्या शेवटी टाके उरतात. तुमचं हेच झालेलं दिसतंय, हात चुकलेला नाही!

सुरुवातीला हमखास राहून जातं ते:

- प्रकाशकाने चूकदुरुस्ती दिली आहे का, ते बघणं.
- सुईचा नंबर. ब्रिटिश 8 म्हणजे 4 मिमी, अमेरिकन 8 म्हणजे 5 मिमी. नमुना बरोबर असूनही स्वेटर ढगळ होतो, म्हणून मिमीच बघा.
- दर 10 ओळींनी टाक्यांतून वेगळ्या रंगाचा सुती दोरा ओवणं. उसवलं तरी तिथे टाके थांबतात.

बाह्यांची मापं बदलणं सध्या राहू द्या. नाशिकची थंडी डिसेंबरात जोर धरेल, तोवर पुढची-मागची बाजू आरामात होईल.