“खेळताना मशीन काढूनच ठेवते ती. बरोबर ना, मॅडम?”

आईने उत्तर घरूनच ठरवून आणलं होतं, माझं फक्त ‘हो’ तेवढं हवं होतं. श्रवणयंत्र लावणाऱ्या मुलांचे आईबाप हा प्रश्न हमखास विचारतात. शाळेचे संघ निवडायची वेळ आली की जास्तच.

मुलगी सातवीतली, सांगलीकडच्या एका गावातली. दोन्ही कानांत साधारण ६० डेसिबलची घट, कानामागे बसणारी दोन मशीनं, हप्त्यांवर घेतलेली. खेळ खो-खो. पळायला वाऱ्यासारखी, पण सारखी फाऊल करते, म्हणून शाळेतल्या सरांनीच दोघींना माझ्याकडे धाडलं होतं.

“कसं होतं ते करून दाखव,” म्हटल्यावर ती खुर्चीवरून उतरली आणि रांगेत बसतात तशी फरशीवर उकिडवी बसली. “मागून हात लागला की उठते.” घोटाळा इथेच होता. पाठीला हात आणि तोंडाने ‘खो’, दोन्ही मिळाल्याशिवाय उठायचं नाही, हा नियम. मशीन काढलेलं, म्हणून हिला ‘खो’ ऐकूच येत नव्हता. पळणारीचा शर्ट पाठीला घासला तरी ही उठायची आणि फाऊल. फाऊलच्या धास्तीने थांबली, तर उशीर.

आईची भीती खोटी नव्हती. आदल्या वर्षी तिने घाम लागू नये म्हणून दोन्ही मशीनं पॉलिथिनच्या तुकड्यात गुंडाळून कानावर चढवली होती. सेल बंद पडले. या सेलना वरच्या बारीक भोकातून हवा लागते, ती मिळाली नाही की ते चालत नाहीत. त्यानंतर तिने उघडीच मशीनं घालून मुलीला पाठवली. माझ्यासमोर तिने सेलचं झाकण उघडून दाखवलं: आतल्या पत्र्यावर हिरवट गंज, घामाच्या मिठाचा. “ह्याचेच साडेतीन हजार गेले, मॅडम.”

“आणि ते बहिऱ्या खेळाडूंच्या ऑलिंपिकमध्ये तर मशीन चालतच नाही म्हणे?” ही माहिती तिला शेजाऱ्यांनी पुरवली होती. माहिती खरी आहे. १९२४ साली पॅरिसला सुरू झालेल्या त्या स्पर्धांमध्ये सामन्यात श्रवणयंत्र काढावंच लागतं. पण ताई, तिथे सगळेच न ऐकणारे असतात, इशारे दिव्यांनी आणि झेंड्यांनी होतात. तुमच्या लेकीच्या संघातल्या बाकी सगळ्या मुली ऐकणाऱ्या.

मग मी आईला थोडा वेळ बाहेर बसवलं. मुलगी बराच वेळ नखाशी खेळत राहिली. शेवटी म्हणाली, “मशीन तुटलं तर बाबांना परत जादा पाळी करावी लागेल.” एका रात्री आईबाबा हप्त्याचं बोलत होते, हिने मशीन काढलंय असं समजून. हिने काढलं नव्हतं.

मशीन डब्यात ठेवायची सक्ती आईची, असं मी धरून चालले होते. निम्मी तरी मुलीची स्वतःचीच होती. ते कळल्यावर गाठ सुटायला लागली. त्यांच्या कपाटात शासकीय शिबिरात मिळालेलं एक जुनं मशीन पडून होतं. आमच्या ऑडिऑलॉजिस्टनी, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्यांनी, ते आताच्या तपासणीप्रमाणे जुळवून दिलं आणि ते झालं ‘ग्राउंडचं मशीन’. कान वाढला होता, मोल्ड, म्हणजे कानात बसणारा मापाचा साचा, सैल झाला होता, म्हणून नवीन माप घेतलं. सैल मोल्ड पळताना निघतो, मशीन शिट्टीसारखं वाजतंही. मशीनला दोरी, दोरीची चिमटी मागे कॉलरला. गळ्यात मात्र अडकवायची नाही. वर कापडी हेअरबँड, घाम टिपायला. खेळून आलं की कोरड्या कपड्याने पुसायचं, सेल काढायचा, झाकण उघडं ठेवून रात्रभर सिलिका जेलच्या डबीत. निळे खडे गुलाबी झाले की बदलायचे. तांदळाच्या डब्यात नको, पूड आत जाते. केस वाळवायच्या ड्रायरने तर नकोच.

नवीन मशीनच्या खोक्यावर ‘आयपी ६८’ असतं, ते वाचून लोक निर्धास्त होतात. सहा हा आकडा धुळीपासूनच्या बचावाचा, आठ पाण्यापासूनच्या. ती चाचणी साध्या पाण्यात होते, घामात नाही. म्हणून पुसायला सुट्टी नाही. कबड्डी, कुस्ती, पोहणं असेल तर मी स्वतःच काढायला सांगते. अंगाला अंग भिडणाऱ्या खेळात कानामागे टणक वस्तू कोणालाच नको. त्या वेळी सरांशी हाताचे इशारे आधी ठरवून घ्यायचे.

महिन्याने मुलीची तक्रार आली: आता सरांचं ओरडणंही ऐकू येतं.

त्या खेपेस पहिल्यांदाच बाबा आले होते. कंपनीच्या गणवेशातच, रात्रपाळी संपवून. किमतीचं काही बोलले नाहीत. त्यांनी खिशातून मशीन काढून टेबलावर ठेवलं. “खांबावर सूर मारताना दोरी पुढे येतीय. आखूड करायची का?”

आम्ही ती दोन बोटं आखूड केली.