पिचर होण्यासाठी अमेरिकेत येणार असाल तर

तुम्ही विचारले आहे की, वय 19, बारावी झालेली, क्लबकडून वेगवान गोलंदाजी आणि सीमारेषेवरून थेट यष्टीवर फेक, एवढ्या भांडवलावर अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉलमध्ये पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू, होता येईल का. पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाचे प्रशिक्षण केंद्र असलेल्या ब्रेडेंटनजवळ, फ्लोरिडात, मी 14 वर्षे राहतो आहे, त्यामुळे या व्यवसायाची खालची पायरी मला रोज दिसते.

तुमच्या गोलंदाजीपेक्षा तुमची फेक इथे उपयोगी पडेल. क्रिकेटमध्ये चेंडू सोडताना कोपर 15 अंशांपेक्षा अधिक सरळ होता कामा नये, तर पिचर कोपर वाकवून झटक्याने उलगडत चेंडू फेकतो. उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल मुळात भालाफेकपटू होते. दूरचित्रवाणीवरील स्पर्धेतून निवड झाल्यावर 2008 च्या नोव्हेंबरात पायरेट्सने त्यांना करारबद्ध केले आणि 2009 मध्ये ते ब्रेडेंटनला सर्वांत खालच्या स्तरावर खेळले. दिनेश दोन हंगामांनंतर परतला. रिंकू पायऱ्या चढत वेस्ट व्हर्जिनियाच्या संघापर्यंत गेला, पण पुढे दुखापतींनी त्याला वर जाऊ दिले नाही. दोघेही मेजर लीगपर्यंत, म्हणजे सर्वांत वरच्या स्तरापर्यंत, पोहोचले नाहीत.

गेल्या जुलैत भर दुपारी असाच एक सामना पाहिला. प्रेक्षक जेमतेम वीस. डाव संपवून आलेला एक डोमिनिकन मुलगा, तुमच्याहून लहान, बाकावर बसून उजव्या हाताची बोटे एकेक करून उघडत-मिटत होता आणि कितीतरी वेळ कोणाशी बोलला नाही. कोपराचा अस्थिबंध तुटला तर टॉमी जॉन शस्त्रक्रिया करावी लागते आणि त्यात वर्ष-दीड वर्ष जाते. 2023 च्या करारानुसार या स्तरावर वर्षाला किमान 19,800 डॉलर आणि मेजर लीगच्या एकच पायरी खाली 35,800 डॉलर मिळतात. मेजर लीगमध्ये मात्र 2026 चे किमान वेतन 7,80,000 डॉलर आहे. ही दरी लक्षात घेऊनच घरच्यांशी बोला.

पर्यटक व्हिसावर येऊन पगारावर खेळता येत नाही, आणि खेळाडूंचा पी-1 व्हिसा तुम्हाला स्वतः मागता येत नाही, कारण त्यासाठी इथल्या संघाने अर्ज करावा लागतो. म्हणून निवड करून देतो म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका. माझ्या मते तुमच्यासाठी रास्त मार्ग विद्यार्थी व्हिसाचा आहे: बेसबॉल संघ असलेल्या दोन वर्षांच्या कॉलेजात प्रवेश घ्यावा, तिथून ड्राफ्टसाठी (मेजर लीगचे संघ नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेसाठी) पात्र व्हावे, आणि हात निकामी झाला तरी पदवी हाती राहील असा विषय निवडावा. फीचा हिशेब शिष्यवृत्ती मिळणारच नाही असे धरून करा.

त्याआधी गावातच एक काम करा. क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडा हलका, सुमारे 145 ग्रॅमचा बेसबॉल मिळवा, मैदानावर 60 फूट 6 इंच मोजून खूण करा (तुमच्या खेळपट्टीपेक्षा साडेपाच फूट कमी), आणि महिनाभर, दिवसाआड, खांदा नीट तापवून गुडघा ते छाती या पट्ट्यात फेकी टाका. कॉलेजचे प्रशिक्षक प्रथम वेग पाहतात. मेजर लीगमधील वेगवान चेंडूची सरासरी ताशी सुमारे 151 किलोमीटर आहे. वेग कुठेतरी रडार गनवर मोजून घ्या आणि बाजूने घेतलेले चित्रीकरण मला पाठवा.